करवंदाचं कुंपण आणि अंगणातलं करवंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालाघाटाच्या डोंगरकुशीत आमची छोटी रोपवाटिका आहे. मृग जवळ आला की फोन सुरू होतात आणि त्यातले निम्मे करवंदाच्या कुंपणाबद्दल असतात. तेच प्रश्न, तीच उत्तरं. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवलंय. प्रश्न लोकांच्याच शब्दांत आहेत. एका उत्तरात सांगितलेलं दुसऱ्यात परत सांगितलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. करवंद तर कोकणातलं. आमच्या मराठवाड्यात येईल का?

येईल काय, आहेच. अजिंठ्याच्या डोंगररांगेत, कन्नडच्या घाटात, बालाघाटाच्या उतारांवर ते आपणहून उगवतं. मे महिन्यात घाटाच्या वळणावर बायका पळसाच्या द्रोणात काळी करवंदं घेऊन बसतात, ती काही कोकणातून आणलेली नसतात. आष्टी-पाटोद्याकडच्या कमी पावसात ते तगतं आणि किनवट-माहूरच्या जास्त पावसातही. ४२-४३ अंशांच्या उन्हात पानं हिरवी राहतात, कारण झुडूप सदाहरित आहे. त्याला सोसत नाही ते एकच, मुळाशी साचलेलं पाणी. त्याबद्दल प्रश्न ४ मध्ये.

२. मोबाईलवर युरोपातल्या चेरी प्लमच्या कुंपणाचा व्हिडिओ पाहिला. पांढरी फुलं, लाल फळं, फार देखणं दिसतं. त्याची रोपं मिळतील का?

मिळाली तरी घेऊ नका. चेरी प्लम हा आलुबुखाऱ्याचा जवळचा नातेवाईक. त्याचं मूळ घर आग्नेय युरोप आणि पश्चिम आशिया. त्याला हिवाळ्यात शेकडो तास कडक थंडी लागते, साधारण सात अंशांच्या खालची. ती मिळाली तरच वसंतात कळ्या नीट उमलतात. परभणीत डिसेंबरच्या चार पहाटे पारा तेवढा उतरला म्हणून भागत नाही. काश्मीर-हिमाचलात आलुबुखारा होतो तो या थंडीमुळेच.

एक घोटाळाही लक्षात ठेवा. या झाडाला इंग्रजीत मायरोबलान असंही म्हणतात आणि आपल्या हिरड्यालाही तेच नाव आहे. नुसत्या नावावर ऑनलाइन रोप मागवाल तर हिरडा घरी येईल. पांढरी सुवासिक फुलं, खाण्याजोगी फळं आणि वर काटे, हे सगळं एका झुडपात हवं असेल तर आपल्याकडे करवंद आहे.

३. कुंपण तयार व्हायला किती वर्षं लागतात?

पाणी आणि कात्री दोन्ही वेळेवर मिळाली तर तिसऱ्या पावसाळ्यात कमरेएवढं दाट होतं. गुरं अडवण्याइतकं व्हायला चौथं-पाचवं वर्ष उजाडतं. एवढा धीर नसेल तर सरळ तार ओढा आणि आतल्या बाजूने करवंद लावा. तार गंजेपर्यंत कुंपण उभं राहतं.

लोक विचारतात, मग वेडी बाभूळ का नको? ती लवकर येते, खरं आहे. पण ती बांधावर थांबत नाही. शेळ्या शेंगा खातात, लेंड्यांतून बी वावरभर पडतं आणि पुढची वीस वर्षं तुम्ही ती उपटत बसता. करवंद लावलं तिथेच राहतं.

४. जमीन कोणती लागते? आमचं रान काळं भारी आहे.

मुरमाड, बरड, दगडगोट्यांची जमीन करवंदाला आवडते. जिथे दुसरं काही येत नाही असा धुरा (शेताचा बांध) असेल तर डोळे झाकून लावा.

काळ्या रानात गाठ पडते. आम्ही पहिल्यांदा लावलं तेव्हा एका पाहुण्याच्या वावरात, काळ्याभोर मातीत, हौसेने दीड फूट खोल चर घेतला, शेणखत भरलं आणि तीनशे रोपं लावली. श्रावणापर्यंत सगळी हसत होती. भाद्रपदात आठवडाभर झड लागली, चराचा पाट झाला आणि पाणी हटेना. आधी पानांची चमक गेली, मग ती माना टाकल्यासारखी लोंबली. उपटून पाहिलं तर मुळांची साल बोटाला निसटून येत होती. तीनशेतली चाळीसही वाचली नाहीत. आजूबाजूच्या मुरमाच्या उंचवट्यावर उरलेली पाच-सहा रोपं सहज म्हणून खोचली होती, ती सगळी जगली.

तेव्हापासून नियम असा: मुरमात चर, काळ्यात वरंबा. भारी जमिनीत माती ओढून फूटभर उंच, दोन-अडीच फूट रुंद वरंबा करायचा, त्यात थोडा मुरूम मिसळायचा आणि रोप माथ्यावर लावायचं. पावसाचं पाणी कुठून निघून जाणार ते आधी पाहून ठेवायचं. काळी माती उन्हाळ्यात फाटते तेव्हा भेगांत बारीक मुळं तुटतात, म्हणून आच्छादनही हवंच (प्रश्न ८). चुनखडीच्या जमिनीचा त्रास वेगळा आहे, तो प्रश्न १३ मध्ये.

५. एकराला किती रोपं लागतील?

एकराला किती ते वावराच्या आकारावर ठरतं, कारण कुंपण कडेने जातं. चौरस एकराचा घेर सुमारे ८३५ फूट. दोन फुटांवर एक रोप धरलं आणि बैलगाडीपुरतं १२ फुटांचं फाटक सोडलं तर ४१० च्या आसपास रोपं लागतात. तोच एकर १०० फूट रुंदीचा लांबट पट्टा असेल तर घेर हजार फुटांवर जातो आणि रोपं सव्वापाचशेच्या पुढे. वाटण्या होऊन चिंचोळी झालेली वावरं हल्ली जास्त, म्हणून आधी टेप धरा, मग रोपं सांगा. वर दहा टक्के जास्तीची घ्या, नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला लागतातच.

रानडुकरांचा त्रास असेल तर दोन ओळी लावा. ओळींत दोन फूट अंतर, ओळीतल्या रोपांत तीन फूट, आणि दुसऱ्या ओळीचं रोप पहिल्या ओळीच्या दोन रोपांच्या मधोमध.

६. रोपं घरी करता येतात का? का कलमच घ्यावं?

कुंपणाला बियांची रोपं उत्तम आणि ती घरीच करा. चारशे रोपांचे पैसे आम्हाला का देता? (हे रोपवाटिकावाला लिहितोय, याची नोंद घ्या.)

पूर्ण काळी पिकलेली फळं घ्या, कुस्करा आणि चपट्या बिया चिकट गर जाईपर्यंत राखेत चोळून धुवा. सावलीत एक-दोन दिवस सुकवा आणि लगेच पिशव्यांत पेरा. इथेच बहुतेक चुकतात. डबीत जपून ठेवलेलं बी पुढच्या वर्षी उगवत नाही, कारण करवंदाच्या बियांची उगवण झपाट्याने घटते. ताजं बी दोन ते चार आठवड्यांत वर येतं. रोप हळू वाढतं. यंदाच्या जूनमध्ये पेरलेलं पुढच्या जूनमध्ये लावण्याजोगं होतं.

फळांसाठी दोन-चार झाडं हवी असतील तर मात्र गुटी (झाडावरच फांदीला मुळं आणून केलेलं रोप) किंवा कलम घ्या, कारण बियांच्या रोपांत फळाचा आकार आणि चव एकसारखी येत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ मोठ्या फळाची आहे. पंतनगरच्या विद्यापीठाच्या ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ आणि ‘पंत सुवर्णा’ या जातीही आहेत. गुटी पावसाळ्यात बांधली तर मुळं धरते. नुसती फांदी खोचून करवंद सहसा लागत नाही.

७. लागवड नेमकी कधी करावी?

मृगात नाही. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर खोल ओली झाली की, म्हणजे बहुधा जुलैमध्ये. आपल्याकडे मृग बरसून आर्द्रा कोरडी जाण्याची खोड आहे, त्यात घाईने लावलेली रोपं सापडतात. मुरमात दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल चर घ्या, निघालेल्या मातीत शेणखत मिसळून परत भरा. पिशवी फाडताना मातीचा गड्डा फुटू देऊ नका.

८. पाण्याची सोय नाही. बिनपाण्याचं जगेल का?

मोठं झालेलं जगतं. पहिले दोन उन्हाळे मात्र पाणी द्यावंच लागतं, फेब्रुवारीपासून दर १०-१२ दिवसांनी रोपाला चार-पाच लिटर. टँकरच्या गावात हे सांगणं सोपं नाही, हे कळतं. म्हणून पाणी असेल तेवढंच लावा. एका बाजूचं कुंपण यंदा, दुसऱ्या बाजूचं पुढच्या वर्षी. अख्खं शिवार वेढून निम्मं जाळण्यापेक्षा ते बरं. मोसंबीच्या बागेतून निघालेल्या जुन्या ठिबकच्या नळ्या इथे चालतात.

बुडाशी सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा, खोडाला मात्र चिकटवू नका. तिसऱ्या वर्षापासून पाणी बंद केलं तरी चालतं.

९. तीन वर्षं झाली. वरून दाट आहे, पण खालून कुत्रं सहज जातं. काय चुकलं?

पहिल्या वर्षी कात्री लागली नाही. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि ज्यांना आधी सांगितलेलं असतं तेही हाच विचारतात, कारण जीव लावून वाढवलेलं रोप छाटायला कुणाचा हात धजत नाही.

रोप लावल्यावर दीड-दोन महिन्यांत नवी पालवी आली की ते जमिनीपासून आठ-नऊ इंचांवर कापायचं. होय, फूट-दीड फुटाचं रोप निम्मं. शेंडा गेला की खालचे डोळे फुटतात आणि एकाच्या चार फांद्या होतात. त्या फूटभर झाल्या की पुन्हा निम्म्या. पहिल्या दोन वर्षांत असं चार-पाच वेळा केलं तर बुडापासून जाळी विणली जाते. रोप उंच होऊ दिलं की खालचे डोळे झोपतात, आणि नंतर वर कितीही कापलं तरी खाली फुटवा येत नाही.

दुसरं, आकार. खाली रुंद आणि वर अरुंद हवा: बुडाशी तीन फूट, माथ्याशी दोन, उंची पाच फूट पुरे. बहुतेकांचं कुंपण छत्रीसारखं असतं. वरची सावली खाली पडते आणि खालच्या फांद्या उन्हावाचून वाळतात.

आता तुमच्या कुंपणाचं. पाऊस लागल्यावर, जून-जुलैत, ते सरळ फूटभरावर कापा. छातीत धस्स होईल, पण करवंद बुंध्यातून जोमाने फुटतं. एकदम सगळं कापायचं नसेल तर निम्मी लांबी यंदा, निम्मी पुढच्या वर्षी. कोयत्याने झोडपू नका, फांदी चिरते. कुंपणाची लांब दांड्याची कात्री वापरा, जाड फांदीला करवत. हातमोजे चामड्याचे घ्या आणि कापलेल्या फांद्या त्याच दिवशी उचला. करवंदाचा काटा कडक असतो, कधी टोकाशी दुभंगलेलाही. वाटेवर पडलेली एक फांदी मोटारसायकलचं चाक बसवते, हे मी दोनदा पैसे मोजून शिकलोय.

१०. रानडुकरं आणि रोही थांबतात का? आणि शेळ्या?

डुक्कर खालून मुसंडी मारतं, म्हणून त्याच्यापुढे उंचीचा उपयोग नाही, बूड दाट हवं. दोन ओळींचं, नीट छाटलेलं कुंपण डुकरं टाळतात. एक जरी भगदाड राहिलं तरी ती तेवढंच शोधतात. रोही (नीलगाय) उडी मारतो. त्याला उंचीपेक्षा रुंदी अडवते, म्हणून ज्या बाजूने तो येतो तिथे कुंपण चार-पाच फूट रुंद होऊ द्या. वानरांना काहीच अडवत नाही. उलट मे महिन्यात ती तुमच्याआधी करवंदं खाऊन जातात.

शेळीचं विचारू नका. काटा कोवळा असेपर्यंत ती शेंडे खुडते. पहिली दोन वर्षं बाहेरून आडोसा लागतोच. त्यासाठी बोराटी किंवा तुराट्या लावा. पऱ्हाट्या लावू नका. वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच कापसावर येते.

११. बांध सामाईक आहे. शेजारी म्हणतो, लावू देणार नाही.

मग सामाईक बांधावर लावू नकाच. आपल्या हद्दीत तीन फूट आत या. हद्दीवरच वाद असेल तर आधी भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. मोजणीच्या खुणांचे दगड झुडपात गडप होऊ देऊ नका, कारण त्या जपण्याची जबाबदारी जमीनधारकाचीच असते. वहिवाटीची वाट असेल तर ती सोडा. वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात, आणि तोवर तुमचं कुंपण ऐन भरात आलेलं असतं. एकदा शेजाऱ्याला पिकलेली करवंदं नेऊन द्या, अर्ज-विनंत्यांपेक्षा ते लवकर काम करतं.

१२. कुंपणामुळे कडेचं पीक जातं का? सापही होतात म्हणे.

कडेची एक-दोन तासं (पिकाच्या ओळी) बारीक राहतात. मुळं आणि सावली दोन्हीमुळे. छाटलेल्या कुंपणाने तीन-चार फुटांपलीकडे फरक पडत नाही. सापाचं म्हणाल तर जिथे उंदीर तिथे साप, मग ते कुंपण असो की कडब्याची गंजी. घराजवळ असेल तर बुडाचा पालापाचोळा काढत राहा.

१३. पानं पिवळी पडली आहेत, शिरा तेवढ्या हिरव्या.

नवी पानं अशी दिसत असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. चिलेटेड लोहाची (झाडाला घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी करा आणि बुडाशी भरपूर शेणखत द्या. नवी-जुनी सगळीच पानं पिवळी आणि लोंबलेली असतील तर ते पाण्याचं दुखणं आहे, प्रश्न ४ पाहा.

१४. कीड-रोग?

फार नाही. मुरमाड जमिनीत पहिल्या वर्षी वाळवी बुड पोखरते, म्हणून कच्चं शेणखत घालू नका. कधीकधी बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसते. शेपटाकडे छोटं शिंग आणि पुढच्या भागावर निळसर डोळ्यासारखे दोन ठिपके. कण्हेरीवरही हीच असते. दिसेल तेव्हा वेचून टाका, औषधाची गरज नाही. खरा शत्रू माणूस आहे. धुऱ्यावरचं गवत मारायला तणनाशक मारतात आणि वाऱ्याने ते कुंपणावर जातं. उन्हाळ्यात बांध पेटवतात तेही तसंच.

१५. फुलं येत नाहीत, किंवा येऊन फळं धरत नाहीत.

हिवाळ्यात छाटलं का? करवंदाची फुलं फांदीच्या टोकाला येतात, पौष-माघापासून पुढे. दिवाळीनंतर सारखं कापत राहिलं की कळ्यांची टोकंच जातात. फळं हवी असतील तर छाटणी एकदाच, फळं उतरल्यावर, जून-जुलैत. पण नीट छाटलेल्या कुंपणाला फळं कमीच लागणार. कुंपण आणि बाग एकाच झुडपाकडून पूर्ण वसूल होत नाहीत. माझा सल्ला: तीन बाजू कात्रीखाली ठेवा, विहिरीकडची एक मोकळी सोडा. दाट सावली आणि युरियाचा मारा यांनीही पाला माजतो आणि फुलं घटतात.

१६. फळांचे पैसे होतात का? केकवरची चेरी करवंदाची असते म्हणतात, ते खरं का?

बियांच्या रोपाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळं लागतात. मोकळ्या वाढलेल्या झुडपाला पुढे तीन ते पाच किलो धरा. पिकलेलं फळ दोन-तीन दिवसांवर टिकत नाही, त्यामुळे लांबचा बाजार कच्च्याचाच, लोणच्यासाठी. करवंदात पेक्टिन भरपूर, जेली घालायला उत्तम. तोडताना निघणारा पांढरा चीक बोटांना चिकटतो, आधी गोडेतेल चोळून घ्या.

आणि हो, बेकरीतली, पानातली ती लालभडक चेरी बहुतेक वेळा करवंदच असतं. कच्चं फळ बी काढून मिठाच्या पाण्यात ठेवतात, मग खाद्यरंग देतात आणि रोज थोडा थोडा घट्ट होत जाणाऱ्या पाकात मुरवतात. प्रश्न २ वाल्यांनी चेरी प्लमसाठी हळहळू नये.

१७. अंगणात छोटं झाड म्हणून वाढवता येईल का?

सुंदर दिसतं. एकच सरळ खोड ठेवा, चार फुटांपर्यंतच्या बाजूच्या फांद्या दोन-तीन वर्षांत हळूहळू काढा (एकदम काढल्या तर खोड वाकतं) आणि बुडातून येणारे फुटवे दिसतील तेव्हा खुडा. आठ-दहा फुटांचं झाड व्हायला सहा-सात वर्षं लागतात. फुलांचा वास संध्याकाळी जाईसारखा दरवळतो. फक्त पायवाटेला लागून लावू नका, लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर काटे येतात. आणि शेजारी कण्हेर नको. दोन्ही एकाच कुळातली, दोन्हींना चीक, पण कण्हेर विषारी. मुलांना ‘या झाडाचं खा, त्या झाडाचं नको’ शिकवत बसण्यापेक्षा ती लावूच नये.

१८. नर्सरीत “मोठं करवंद” म्हणून चकचकीत पानांचं रोप दिलं. फळ लाल, लांबट. हे तेच का?

नाही. ते दक्षिण आफ्रिकेतलं भाऊबंद, नाताळ प्लम. दिसायला छान, काटेही चांगले, पिकलेलं लाल फळ खाता येतं. पण आपल्याकडे त्याला फळ कमी धरतं. फळ हवंच असेल तर बारीक कुंचल्याने परागकण फिरवावे लागतात. बंगल्याच्या कडेला ठीक, वावराला नको.

१९. पंधरा वर्षांचं कुंपण आहे, मध्ये दोन झुडपं वाळून भगदाड पडलं. नवं रोप तिथे लागत नाही.

लागणार नाही. दोन्हीकडच्या जुन्या मुळांनी तिथलं पाणी आधीच पिऊन टाकलेलं असतं. दाब कलम करा. पावसाळा लागताच शेजारच्या झुडपाची खालची लांब फांदी भगदाडाकडे वाकवा, जमिनीला टेकते तिथे खालच्या बाजूने साल थोडी खरवडा, चार बोटं मातीत दाबा आणि वर जड दगड ठेवा. शेंडा बाहेर राहू द्या. आईचं पाणी पीत ती तिथेच मुळं धरते. पुढच्या पावसाळ्यात दगड सरकवून फांदी हलकेच ओढून पाहा. हलली नाही तर आईकडची बाजू कापा आणि नव्या झुडपाला पहिली कात्री प्रश्न ९ प्रमाणे लावा. तोपर्यंत भगदाडात बोराटी दाबून ठेवा, शेळ्यांना ती वाट आधीच पाठ झालेली असते.